दोन रिंगा वाजल्या की समजायचं

जालन्याचा एसटीडी कोड ०२४८२. चकतीच्या फोनवर हे पाच आकडे फिरवायचे म्हणजे तारेवर सव्वीस ठोके पाठवायचे. भोकात बोट घालून चकती अडणीपर्यंत ओढली आणि सोडली, की परत येताना ती लाइनचा प्रवाह तितक्या वेळा तोडते. दोनला दोनदा, आठला आठदा आणि शून्याला दहादा. वेग ठरलेला, सेकंदाला दहा ठोके. दिल्लीच्या ०११ ला बारा ठोके पुरतात, मुंबईच्या ०२२ ला चौदा, कोलकात्याच्या ०३३ ला सोळा, चेन्नईच्या ०४४ ला अठरा. जालन्याहून पुढे सरकलं की अंबडचे सत्तावीस (०२४८३), परतूरचे अठ्ठावीस (०२४८४), भोकरदनचे एकोणतीस (०२४८५). गाव जितकं आडबाजूचं, तितकी बोटाला मजुरी जास्त. भरपाई म्हणून पुढचा नंबर तेवढा आखूड असतो. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून आज देशभर दहाच आकडे भरतात: मुंबईत दोनापुढे आठ, जालन्यात चारापुढे सहा.

एवढं फिरवून समोरून ‘टूं-टूं’ आलं, की पुन्हा पहिल्यापासून. लाइन एंगेज असणं हा त्या काळचा नियम होता आणि लागणं हा अपवाद. दिवसातून पन्नास फोन करणाऱ्या मोंढ्यातल्या आडत्याचं किंवा लोखंडाच्या व्यापाऱ्याचं बोट खरोखर दुखायचं. काही जण पेन्सिलीने चकती फिरवत. स्पीड डायल आणि आन्सरिंग मशीन या ज्या सोयींविषयी हा लेख आहे, त्या या दुखऱ्या बोटापासून आणि न लागणाऱ्या लाइनपासून सुरू होतात.

चकतीला कुलूपही असायचं. एका भोकात बारीक पितळी कुलूप अडकवलं, की चकती फिरत नाही आणि घरातली पोरं किंवा दुकानातली माणसं परस्पर फोन करू शकत नाहीत. पण चकती करते काय, तर प्रवाह तोडते, आणि तो रिसिव्हर ठेवायच्या घोडीवर बोटाने टकटक करूनही तोडता येतो. चार टिचक्या म्हणजे चार, दहा म्हणजे शून्य. हात बसला की पूर्ण नंबर टिचक्यांवर लागायचा आणि कुलूप जागच्या जागी राहायचं. एक्स्चेंजला चकती कधी दिसतच नाही, त्याला फक्त ठोके कळतात, हे कॉलेजातल्या पोरांना पुस्तकाशिवाय समजलं होतं.

एसटीडीच्या आधी हे कष्ट ऑपरेटरवर होते. भारतात ऑपरेटरच्या मदतीविना परगावी थेट फोन लावण्याची सोय पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. इतर गावांपर्यंत ती पोचायला बरीच वर्षं गेली, तोवर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि त्याहून कितीतरी महाग लाइटनिंग, असे घाईचे दर ठरलेले. हाताने जोडणी करणाऱ्या छोट्या एक्स्चेंजमध्ये मात्र एक सुख होतं. ऑपरेटर गावातलाच. त्याला नंबर सांगायचीही गरज नसे, ‘डॉक्टरसाहेबांचं घर द्या’ म्हटलं की झालं. डॉक्टर दवाखान्यात नसून लग्नाला गेलेत, हेही तो सांगायचा. पुढे यंत्रांनी जे दोन गुण महागात विकले, ते त्या खुर्चीवर बसलेल्या माणसात पगारातच होते. त्याचे तोटेही होते. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, आणि त्या रागातून त्याने स्वयंचलित एक्स्चेंज शोधलं, अशी गोष्ट सांगतात. पेटंट १८९१ चं. राग खरा की रंगवलेला ते असो, चकतीचा फोन त्या यंत्राच्या पोटी जन्मला.

चकतीच्या जागी बटणं आली तेव्हा लोकांना वाटलं, आता नंबर झटक्यात लागणार. तसं लगेच झालं नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या बऱ्याच बटणांच्या फोनमध्ये बटण फक्त दिखाऊ होतं. तुम्ही भराभर आकडे दाबायचे आणि फोन मागून सावकाश ‘टक-टक-टक’ करत तेच जुने ठोके पाठवायचा, कारण पलीकडच्या जुन्या एक्स्चेंजला दुसरी भाषा येत नव्हती. फोनच्या बाजूला किंवा पोटाखाली ‘पी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं असलेली बारीक खिट्टी असते ती याचसाठी. पी म्हणजे पल्स, ठोके. टी म्हणजे टोन, सूर. टोनमध्ये प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढतं, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. पाचचं बटण ७७० आणि १३३६ हर्ट्झ. दोन सूर घेण्याचं कारण असं, की माणसाच्या बोलण्यातून किंवा शिट्टीतून नेमकी तीच जोडी चुकून निघणं फार अवघड. अमेरिकेत बेल कंपनीने हे १९६३ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे ते सर्रास झालं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदा तिच्या मागे होते, आणि तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज बनवलं. ते १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलं. त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. मे महिन्यात मराठवाड्यातल्या पत्र्याखाली काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका गुणाची किंमत सांगावी लागत नाही.

आता स्पीड डायल. माझ्या मते घरच्या फोनमधली ही सर्वांत कमी लेखली गेलेली सोय आहे. फोनच्या आत एक छोटी चिप असते, तिच्यात दहा-वीस नंबर बसतात. टोनवर ती अकरा आकडे दोन-अडीच सेकंदांत पाठवून मोकळी होते. भरायची रीत कंपनीगणिक थोडी बदलते, पण सूत्र एकच: रिसिव्हर उचला, ‘स्टोअर’ किंवा ‘प्रोग्रॅम’ दाबा, नंबर दाबा, मग तो ज्या कळीवर ठेवायचा ती कळ दाबा. काही फोनमध्ये अशा तीन-चार वेगळ्या कळा असतात आणि शेजारी नाव लिहायला कागदाची पट्टी. एकदा दाबलं की फोन लागतो. काहींमध्ये आधी ‘मेमरी’ आणि मग एक आकडा, असं दोनदा दाबावं लागतं. म्हाताऱ्या माणसांसाठी पहिला प्रकारच घ्यावा. दोन कळांचा क्रम चुकतोच.

दुकानदार सांगायला विसरतात ती गोष्ट म्हणजे ‘पॉझ’. ऑफिसच्या बोर्डातून बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य किंवा नऊ दाबावं लागतं आणि डायल टोन येईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. माणूस आपसूक थांबतो, चिप थांबत नाही. म्हणून त्या आकड्यानंतर पॉझची कळ दाबून मग पुढचा नंबर भरायचा. पॉझ भरला नाही, तर पहिले आकडे बाहेरच्या लाइनपर्यंत पोचतच नाहीत, रॉंग नंबर लागतो आणि दोष लाइनमनच्या माथी जातो.

दुसरी गोष्ट सेलची. साधा फोन लाइनवरच्या विजेवर चालतो, पण त्यातली मेमरी पुष्कळदा पेन्सिल सेलवर टिकते. सेल गेले की सगळे नंबर गेले. घरात कुणी गेल्याची बातमी कळवायची आहे आणि कळ दाबली तर फोन मख्ख, अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर दिवाळीच्या साफसफाईत सेल बदलावेत आणि नंबरांची यादी भिंतीवर ठेवावी. कॅलेंडरच्या मागे खिळ्याला टांगलेली जुनी डायरी हा आजही सर्वांत भरवशाचा बॅकअप आहे.

फोन साधा असला तरी एक्स्चेंजच्या बाजूने ही सोय मिळू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये ग्राहकाच्या नावावर छोटे सांकेतिक क्रमांक नोंदवता येतात. त्याहून उपयोगी म्हणजे हॉटलाइन. ही घेतली की रिसिव्हर उचलून काही सेकंद काहीच दाबलं नाही, तर एक्स्चेंज आपोआप ठरलेला नंबर लावतं. तेवढ्या वेळात आकडे दाबले तर फोन नेहमीसारखा चालतो. मुलं पुण्याला, आई एकटी गावात, डोळ्यांना मोतीबिंदू: अशा घराला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा ही गोष्ट कामाची. रिसिव्हर उचलायचा आणि काही करायचं नाही, एवढंच तिला शिकवावं लागतं.

आन्सरिंग मशीनची कहाणी मात्र वेगळी. जालन्यासारख्या गावात स्पीड डायल गुपचूप घरात शिरला आणि राहिला. आन्सरिंग मशीन दारातूनच परत गेलं. का गेलं, ते समजून घ्यायला आधी ते चालतं कसं हे पाहावं लागेल.

कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमध्ये वाल्डेमार पॉल्सेन हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला तंत्रज्ञ. फोन उचलायला कुणी नसेल तर निरोप नोंदवून ठेवता यावा, या विचारातून त्याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकाने आवाज नोंदवणारं यंत्र बनवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्यावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ याचा आवाज नोंदवला गेला आणि तो अजून ऐकता येतो. टेपरेकॉर्डर, कॅसेट, पुढची हार्ड डिस्क ही सगळी चुंबकीय नोंदीची वंशावळ न उचललेल्या फोनपासून सुरू होते, हे मला फार गमतीचं वाटतं.

घरगुती यंत्र असं काम करतं. एक्स्चेंजमधून तारेवर कायम ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार असतो. घंटी वाजवायची असेल तेव्हा त्यावर सत्तर-पंचाहत्तर व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडतात. (पावसात वायर जोडताना लाइनमनला बसणारा झटका तो हाच.) मशीन या घंट्या मोजतं. ठरवलेल्या संख्येला ते लाइनवर एक रोध जोडतं, प्रवाह वाहू लागतो आणि एक्स्चेंजला वाटतं की कुणीतरी रिसिव्हर उचलला. मग मशीन आधी भरून ठेवलेला आपला आवाज ऐकवतं, ‘बीप’ करतं आणि पुढचं बोलणं नोंदवतं. जुन्यांत दोन कॅसेट असायच्या, एक आपल्या आवाजाची आणि एक येणाऱ्या निरोपांची. नंतर दोन्ही कामं चिपवर गेली. बाहेरगावाहून आपल्याच घरी फोन करायचा, बीपनंतर गुप्त आकडे दाबायचे आणि निरोप ऐकायचे, हीही सोय असते. ती टोनच्या फोनवरूनच जमते. ठोके आपल्या एक्स्चेंजपाशीच संपतात, सूर मात्र आवाजच असल्यामुळे थेट पलीकडच्या मशीनपर्यंत पोचतात.

यात अडचण कुठे आली? पहिली विजेची. साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर चालतो, त्यामुळे गावभर अंधार असला तरी तो वाजतो. आन्सरिंग मशीनला आणि कॉर्डलेसला घरचा प्लग लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने मराठवाड्याच्या ग्रामीण भागात दहा-दहा तास वीज नसायची. म्हणजे माणूस घरी नसताना उपयोगी पडायचं यंत्र वीज नसताना झोपलेलं. शिवाय यातली पुष्कळ यंत्रं परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनी आणलेली. अमेरिकेचा ११० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातला, की त्याचं आयुष्य तिथेच संपायचं.

दुसरी अडचण बारीक आहे, पण माझ्या आवडीची. अमेरिकेत घंटी दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. एका रिंगेला सहा सेकंद, चार रिंगांना चोवीस. आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीची जोडघंटी: ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता, असं साधारण तीन सेकंदांचं चक्र. चार रिंगांवर लावलेलं तेच मशीन इथे बारा सेकंदांत फोन उचलतं. परसात धुणं वाळत घालणारी बाई हात पुसत ओसरी ओलांडून फोनपाशी येईपर्यंत यंत्राने बोलायला सुरुवातही केलेली असते. मग दोघं एकदमच बोलतात.

आणि तिसरी, सगळ्यांत मोठी अडचण मीटरची. एसटीडी बूथ आठवा. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं, काचेची खोली, तांबड्या आकड्यांचं मीटर, आणि दर पाववर उतरला की रात्री उशिरा लागणारी रांग. समोरच्याने फोन उचलला की एक्स्चेंज लाइनवरच्या विजेची दिशा उलटी करतं आणि बूथमधलं मीटर त्या क्षणी धावायला लागतं. नुसती घंटी वाजली आणि कुणी उचललं नाही, तर पैसा लागत नाही. आता पलीकडे आन्सरिंग मशीन असेल तर? माणूस भेटला नाही तो नाहीच, वर मीटर पडलं. घरमालकाची सोय आणि फोन करणाऱ्याच्या खिशाला चाट. ‘आम्ही सध्या घरी नाही आहोत’ हे सांगायला कुणी आपल्याकडून पैसे घ्यावेत, हे जालन्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला पटणं शक्य नव्हतं.

उलट न उचललेला फोन फुकट असतो, ही गोष्ट लोकांनी फार लवकर हेरली. गाडीतून उतरल्यावर घरी फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवायचा. सुखरूप पोचलो. तीन वाजल्या तर उचला, काम आहे. कुठे एक रिंग देऊन लगेच दुसऱ्यांदा एक, म्हणजे पैसे मिळाले. प्रत्येक घराची आपली लिपी. या लिपीत आन्सरिंग मशीन घुसलं असतं, तर त्याने सगळं वाचन बिघडवलं असतं. पुढे २००३ मध्ये मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि या युक्तीला ‘मिस्ड कॉल’ असं नाव मिळून ती देशभर पसरली.

खरी मौज म्हणजे मशीन बनवणाऱ्यांनाही हीच युक्ती सुचली होती. चांगल्या मशीनमध्ये ‘टोल सेव्हर’ नावाची एक खूण असते. ती लावली, की नवा निरोप असेल तर मशीन दुसऱ्या रिंगेला उचलतं, नसेल तर चौथ्या रिंगेपर्यंत थांबतं. मालकाने बाहेरगावाहून आपल्या घरी फोन करायचा. तिसरी रिंग ऐकू आली म्हणजे निरोप काही नाही, लगेच ठेवून द्यायचा आणि एक पैसाही द्यायचा नाही. जपानी-अमेरिकी इंजिनिअर आणि आपल्या बूथवरचा विद्यार्थी एकाच गणिताला आपापल्या बाजूने पोचले होते.

निरोपाचं काय? त्याला पी.पी. नंबर होता. ट्रंकच्या जमान्यात पी.पी. कॉल असायचा, म्हणजे अमुक एक माणूस लाइनवर आला तरच बोलण्याचे पैसे. घरगुती फोनांच्या काळात पी.पी. म्हणजे शेजाऱ्यांचा नंबर. लग्नपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, दुकानाच्या कार्डावर नंबर छापायचा आणि पुढे कंसात पी.पी. फोन आला की शेजारच्या काकू गच्चीवरून हाक मारणार, ‘अगं, नगरहून फोन आलाय, दहा मिनिटांनी परत करणार आहेत!’ घरात कुणी नसेल तर काकू निरोप घेणार आणि तो पोचवताना त्यात स्वतःची भरही घालणार. गुप्तता नावाला नाही, निरोप मात्र कधी पुसला जात नसे. बदल्यात दिवाळीला फराळाचं ताट. एकत्र कुटुंबाच्या घरात तर एखादी आजी कायम असायचीच. रिकामं घर ही आन्सरिंग मशीनची पहिली गरज. जालन्याच्या वाड्यांत तीच नव्हती.

या गावातल्या पुष्कळांनी आन्सरिंग मशीन पहिल्यांदा ऐकलं ते समुद्रापलीकडचं. मुलगी न्यू जर्सीला, आईवडील बूथमध्ये. फोन लागतो, मुलीचाच आवाज येतो, आई आनंदाने बोलू लागते आणि मुलगी मात्र तिचं न ऐकता इंग्रजीत पुढे बोलतच राहते. बीपनंतर काय बोलायचं हे कुणालाच ठाऊक नसे. काही जण घाईने ठेवत. काही जण मात्र मशीनलाच, ‘हॅलो, अगं उचल ना, मी आई बोलतेय’, असं मीटर संपेपर्यंत सांगत. पलीकडे संध्याकाळी ते ऐकणाऱ्या लेकींनी त्या कॅसेटी जपून ठेवल्या असतील, तर मला नवल वाटणार नाही.

आज चित्र उलटं झालंय. मुलं बाहेर, घरात दोनच माणसं किंवा एकच, आणि दुपारी बँकेत किंवा दवाखान्यात गेलं की घर खरोखर रिकामं. आन्सरिंग मशीनची वेळ आली, तेव्हा दुकानांतून ते गेलेलं. ते काम आता कॉल फॉरवर्डिंग करतं: एक्स्चेंजला सांगून घरचा फोन मोबाइलवर वळवायचा. ज्यांच्याकडे जुनं मशीन अजून चालू आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. आपल्या आवाजात ‘आम्ही आठ दिवस गावाला गेलोय’ असं भरू नये, ‘आत्ता फोन घेता येत नाही, नाव आणि नंबर सांगा’ एवढं पुरे. आणि रिंगांची संख्या यंत्र जास्तीत जास्त जितकी देईल तितकी ठेवावी.

स्पीड डायलला मात्र दोन नवे धक्के बसले आहेत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. त्याआधी मेमरीत शून्याशिवाय भरलेले मोबाइल नंबर त्या दिवशी एकदम निकामी झाले. फोन बिघडला असं समजून कित्येकांनी तो कोपऱ्यात सारला असेल. कळ दाबून नुसतीच सूचना ऐकू येत असेल, तर नंबर शून्यासकट पुन्हा भरून बघावा. दुसरा धक्का फायबरचा. तांब्याची तार जाऊन काचेची आली, की फोनची वायर घरातल्या मोडेममध्ये जाते आणि त्या मोडेमला घरची वीज लागते. काचेतून ४८ व्होल्ट येत नाहीत. लाइट गेली की फोन बंद, म्हणजे इतकी वर्षं जो गुण फुकट मिळत होता तोच नेमका गेला. बहुतेक मोडेमना चकतीचे ठोकेही कळत नाहीत, त्यामुळे खिट्टी ‘टी’वर असलीच पाहिजे. घरात वयस्क माणसं एकटी असतील तर मोडेमला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडून घ्यावा. दुकानात जाताना मोडेमच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते टिपून न्यावं, कारण पिन बसली म्हणजे यूपीएस जुळला असं नसतं.